जुन्या संगणकावरील ध्वनिमुद्रणे आणि ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअर नव्या संगणकावर नेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, भजनी मंडळात, शाळेत किंवा छोट्या स्टुडिओत पंधरा-वीस वर्षे वापरलेला संगणक बदलायची वेळ आली की त्यातल्या ध्वनिमुद्रणांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. खालील उत्तरे मुख्यतः विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असलेल्या जुन्या संगणकावरून आजच्या संगणकावर जाणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरणे ऑडॅसिटी आणि कूल एडिट प्रो या दोन प्रोग्रॅमची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या हौशी मुद्रणाचा मोठा भाग याच दोहोंवर झालेला आढळतो.

आधी काय हलवावे, सॉफ्टवेअर की ध्वनिमुद्रणे?

आधी ध्वनिमुद्रणे हलवावीत, आणि तीही जुना संगणक सुरू होतो आहे आणि त्यावरचे जुने सॉफ्टवेअर चालते आहे तोवरच. सॉफ्टवेअर पुन्हा मिळवता येते किंवा त्याच्या जागी दुसरे वापरता येते. आजीने जात्यावर म्हटलेली ओवी पुन्हा मिळत नाही. बहुतेक जण याच्या उलट करतात. आधी नव्या संगणकावर जुना प्रोग्रॅम बसवायची खटपट करतात, त्यात दोन-चार आठवडे जातात, आणि मधल्या काळात जुनी हार्ड डिस्क बंद पडते. संपादनाच्या प्रोग्रॅमने स्वतःच्या पद्धतीने साठवलेले काम तो प्रोग्रॅम चालू आहे तोवरच नीट वाचता येते, म्हणून त्या कामातून साध्या वेव्ह फाइली (आवाज न दाबता साठवणाऱ्या, बहुतेक सगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या) काढून घेणे हे या साऱ्या स्थलांतरातले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे.

प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर तसाच कॉपी केला तर प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेल का?

बहुधा नाही. इन्स्टॉल होताना प्रोग्रॅम आपल्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, करतो आणि काही फाइली सिस्टमच्या फोल्डरमध्ये ठेवतो. त्या फोल्डरबरोबर येत नाहीत. मूळ इन्स्टॉलर, परवान्याचा क्रमांक आणि खरेदीचा ईमेल हे तिन्ही जुन्या संगणकावर शोधून आधी बाजूला काढावे. ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम आजच्या ६४ बिट विंडोजवर बऱ्याचदा चालतात, मात्र १६ बिटचे अजिबात चालत नाहीत. मॅकवर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की २०१९ साली आलेल्या कॅटालिना या आवृत्तीपासून मॅक ओएसवर ३२ बिटचे प्रोग्रॅम चालणे पूर्णपणे बंद झाले आहे.

ऑडॅसिटीचा जुना प्रकल्प नव्या संगणकावर उघडला, पण लाटांऐवजी सपाट रेघ दिसते. आवाज गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो. तो मागे राहिलेला असतो. ऑडॅसिटीच्या २.४.२ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये प्रकल्प दोन भागांत साठवला जाई. पहिला भाग म्हणजे 'एयूपी' प्रत्यय असलेली छोटी फाइल. दुसरा भाग म्हणजे त्याच नावाचा, शेवटी 'डेटा' हा शब्द जोडलेला फोल्डर. छोट्या फाइलमध्ये कोणता तुकडा कुठे वाजवायचा याची केवळ यादी असते. प्रत्यक्ष आवाज त्या फोल्डरमध्ये, जास्तीत जास्त एक एमबीच्या शेकडो-हजारो तुकड्यांत, पोटफोल्डरांच्या आत विखुरलेला असतो.

एका भजनी मंडळाचा संगणक बदलताना मी हे जवळून पाहिले आहे. मंडळातल्या एका काकांनी मोठ्या काळजीने दहा वर्षांचे प्रकल्प पेन ड्राइव्हवर घेऊन दिले होते. ड्राइव्ह उघडून पाहिला तर त्यात फक्त एयूपी फाइली होत्या, एकेक जेमतेम दीडशे-दोनशे केबीची. तासाभराचे भजन दोनशे केबीत मावणे शक्यच नव्हते. जुना कॅबिनेट तोवर भंगारवाल्याला द्यायला म्हणून जिन्याखाली काढून ठेवलेला होता. तो परत वर आणून जोडला, आणि फोल्डर जागच्या जागी सापडले. दोन दिवस उशीर झाला असता तर हे उत्तर मला वेगळे लिहावे लागले असते.

म्हणून एयूपी फाइल आणि तिचा फोल्डर ही जोडी नेहमी एकत्र, एकाच जागी ठेवून हलवावी आणि दोहोंपैकी कशाचेही नाव बाहेरून बदलू नये. प्रकल्प उघडताना ध्वनीचे तुकडे सापडत नसल्याची सूचना आली, तर प्रकल्प काहीही बदल न करता ताबडतोब बंद करण्याचा पर्याय निवडावा. रिकाम्या जागी कायमची शांतता भरण्याचा पर्याय तिथेच असतो. तो चुकूनही निवडू नये, कारण मग मागाहून फोल्डर सापडला तरी प्रकल्पातला दुवा तुटलेला असतो.

आणखी एक अडचण फारशी कोणाला ठाऊक नसते. जुन्या आवृत्त्यांमध्ये वेव्ह फाइल आयात करताना ती प्रकल्पात कॉपी न करता मूळ जागेवरूनच वाचण्याची सोय होती. असा प्रकल्प फोल्डरसह हलवला तरी त्यातला काही आवाज मागेच राहतो. जुन्या संगणकावर प्रकल्प उघडून फाइल मेनूतील अवलंबित्व तपासण्याचा पर्याय वापरावा आणि तिथे फाइली दिसल्यास त्या सर्व प्रकल्पात कॉपी करून घ्याव्यात.

नवी ऑडॅसिटी जुने प्रकल्प उघडते का?

उघडते. मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० पासून ऑडॅसिटी सारा प्रकल्प 'एयूपी३' नावाच्या एकाच फाइलमध्ये ठेवते. जुना प्रकल्प उघडल्यावर तो नव्या स्वरूपात साठवला जातो आणि जुनी जोडी जशीच्या तशी राहते. उलटा प्रवास मात्र होत नाही. एयूपी३ फाइल २.४.२ मध्ये उघडत नाही. त्यामुळे दोन्ही संगणक काही काळ सोबत वापरणार असाल, तर त्यांच्यामधली देवाणघेवाण वेव्ह फाइलींनीच करावी.

एयूपी३ फाइल हलवण्यापूर्वी ऑडॅसिटी नीट बंद करावी. प्रोग्रॅम चालू असताना, किंवा वीज जाऊन तो अर्धवट बंद पडल्यावर, त्या फाइलशेजारी तिच्याच नावाची, शेवटी 'वॉल' जोडलेली आणखी एक फाइल दिसते. सर्वांत ताजे काम तिच्यात असू शकते आणि केवळ मुख्य फाइल उचलली तर ते काम हरवते. अशा वेळी प्रकल्प त्याच संगणकावर एकदा उघडून, साठवून, बंद करावा आणि मगच कॉपी करावा.

कूल एडिट प्रोची सेशन फाइल कशात उघडेल?

कूल एडिट प्रो हे सिंट्रिलियम कंपनीचे सॉफ्टवेअर २००३ साली अडोबीने विकत घेतले आणि तेच पुढे ऑडिशन या नावाने आले. नाव व मालक बदलत गेले तशी सेशन साठवण्याची पद्धतही बदलली; आजच्या ऑडिशनचे सेशन 'एसईएसएक्स' या स्वरूपात असते आणि जुने 'एसईएस' त्यात सरळ उघडेल या भरवशावर राहू नये. शिवाय सेशन फाइलमध्ये आवाज नसतोच. त्यात कोणती वेव्ह फाइल कोणत्या ड्राइव्हच्या कोणत्या फोल्डरमध्ये आहे याचा पत्ता, आवाजाचे चढउतार आणि तुकड्यांच्या जागा असतात. डी ड्राइव्हचा ई ड्राइव्ह झाला तरी तो पत्ता चुकतो.

माझा सल्ला असा, की सेशन जुन्या संगणकावरच उघडावे आणि प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र वेव्ह फाइल काढावी. प्रत्येक फाइल शून्य सेकंदापासून सुरू झाली पाहिजे, मग तबला तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी त्याआधीची शांतता फाइलमध्ये राहू द्यावी. अशा फाइली कोणत्याही प्रोग्रॅममध्ये एकाखाली एक ठेवल्या की पेटी, तबला आणि आवाज आपापल्या जागी बसतात. यासोबत पूर्ण मिश्रणाचीही एक फाइल काढावी. मिश्रण कानाला कसे लागत होते याचा तोच एक पुरावा उरतो.

वेव्ह, फ्लॅक की एमपी३?

जतन करायची प्रत वेव्हमध्ये किंवा फ्लॅकमध्ये असावी. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही न गमावता फाइल बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येते आणि मूळ आवाजाची तपासखूण (आवाजाच्या डेटावरून काढलेली, डेटा बदलला की बदलणारी अंक-अक्षरांची खूण) तिच्यातच नोंदलेली असते, म्हणून वर्षांनंतरही फाइल बिघडली आहे का हे तपासता येते. एमपी३ ही ऐकण्याची प्रत आहे. मूळ मुद्रण एमपी३मध्येच असेल तर तीच फाइल जशीच्या तशी जपावी. ती उघडून पुन्हा एमपी३मध्ये साठवली की दर खेपेस आवाज थोडा झिजतो, आणि तिची वेव्ह केल्याने गेलेले परत येत नाही.

कॅसेट अजून हाताशी असेल आणि जुने मुद्रण घाईत, कमी दर्जाचे झाले असेल, तर जुनी फाइल हलवण्यावर न थांबता कॅसेटवरून पुन्हा मुद्रण करावे. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए अशा कामासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदवला ते) सुचवते.

किती जागा लागेल? मोठी फाइल मधेच 'जागा नाही' म्हणून अडते, ते का?

सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ मुद्रणाला, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटला, मिनिटाला सुमारे १०.६ एमबी आणि तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. ऑडॅसिटी आपल्या प्रकल्पात मुळात ३२ बिट वापरते, म्हणून तिथे हाच आकडा दुप्पट होतो.

ड्राइव्हवर जागा असूनही फाइल अडते ती वेगळ्या कारणाने. बरेचसे पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत एका फाइलला चार जीबीची मर्यादा आहे. रात्रभराच्या जागराचा साडेतीन तासांचा स्टिरिओ प्रकल्प ३२ बिटमध्ये ही मर्यादा ओलांडतो. विंडोजवरून विंडोजवर जाताना ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावा. नवा संगणक मॅक असेल तर एक्सफॅट बरे, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. मात्र एक्सपीला एक्सफॅट ओळखण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे वेगळे अद्ययावतीकरण बसवलेले असावे लागते. नेहमीच्या वेव्ह फाइललाही स्वतःची चार जीबीची मर्यादा आहे, तेव्हा फार लांब मुद्रणे काढताना त्यांचे भाग करावेत किंवा फ्लॅक वापरावे.

प्रत्यक्ष कॉपी करण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग कोणता?

शक्य असेल तर जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बाहेर काढून नव्या संगणकाला जोडणे. जुन्या रुंद पट्टीच्या केबलच्या आयडीई डिस्क आणि त्यानंतरच्या साटा डिस्क अशा दोन्हींना चालणारा यूएसबी अडॅप्टर बाजारात मिळतो. टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची डिस्क असेल तर अडॅप्टरसोबत स्वतंत्र वीजपुरवठा असलाच पाहिजे, कारण त्या डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. विंडोजने जोडलेली डिस्क फॉरमॅट करायची का असे विचारले, तर नाही म्हणावे आणि पुढे जाण्याआधी जाणकाराला दाखवावी.

डिस्क काढायची नसेल तर बाहेरची यूएसबी डिस्क वापरावी, पण ती दोन टीबीपेक्षा मोठी नसावी. मोठ्या डिस्क बहुधा ज्या जीपीटी पद्धतीने विभागलेल्या असतात ती नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला वाचता येत नाही. संगणक फारच जुना असेल आणि त्यात यूएसबी १.१ असेल तर सेकंदाला जेमतेम एक एमबी जातो. ४० जीबीला अकरा तास लागतात. यूएसबी २.० असेल तर तेच काम अर्ध्या तासाच्या आत होते.

एक्सपीचा संगणक घरच्या नेटवर्कला जोडून फाइली ओढण्याचा मोह टाळावा. एक्सपीची सुरक्षा अद्ययावतीकरणे ८ एप्रिल २०१४ रोजी संपली आहेत, आणि त्याच्याशी बोलण्यासाठी नव्या विंडोजमध्ये जी जुनी देवाणघेवाणीची पद्धत चालू करावी लागते ती धोकादायक म्हणूनच बंद ठेवलेली आहे.

फाइली शोधताना केवळ डी ड्राइव्हवर थांबू नये. एक्सपीमध्ये डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्स हे सी ड्राइव्हवरील 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरच्या आत, प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली असतात. सर्वांत जिव्हाळ्याची मुद्रणे अनेकदा तिथेच, 'नवीन फोल्डर'मध्ये पडलेली सापडतात.

डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येतो. तरी प्रयत्न करावा का?

करू नये. संगणक लगेच बंद करावा. दर खेपेस चालू केल्याने नुकसान वाढते. मुद्रण मोलाचे असेल तर माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच डिस्क द्यावी. आवाज येत नसेल, पण काही फाइलींवर कॉपी अडत असेल, तर लिनक्सवर चालणारे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उपयोगी पडते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळते.

सीडीवरची गाणी कॉपी केली, पण प्रत्येक फाइल एक केबीची आहे.

ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की दिसणाऱ्या 'सीडीए' फाइली म्हणजे गाणी नव्हेत; त्या केवळ ट्रॅककडे बोट दाखवणाऱ्या, ४४ बाइटच्या खुणा आहेत. गाणी उतरवून घेण्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्रॅम वापरावा. तो शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी अहवाल देतो. घरी लिहिलेल्या सीडी वर्षागणिक खराब होत जातात, तेव्हा हे काम लांबणीवर टाकू नये.

नव्या संगणकावर गाणे चढ्या सुरात आणि किंचित जलद ऐकू येते. संगणकात दोष आहे का?

दोष बहुतेक वेळा सॅम्पल रेटच्या, म्हणजे सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांच्या आकड्याच्या, गोंधळाचा असतो. ४४.१ किलोहर्ट्झचे मुद्रण ४८ म्हणून वाजवले गेले तर ते पेटीच्या जवळजवळ दीड पट्टीने वर जाते. काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लागतो आणि कोणत्याच पट्टीशी जुळत नाही. गायकाला हे पहिल्या आलापात कळते, इतरांना नुसतेच काहीतरी बिनसल्यासारखे वाटते. विशेषतः कच्ची (स्वतःच्या रेटची नोंद नसलेली) ध्वनिफाइल हाताने आयात करताना चुकीचा रेट निवडला गेला की असे होते. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूत रेट तपासून मूळ आकडा निवडावा. या कामासाठी सूर बदलण्याचा इफेक्ट वापरू नये. त्याने आवाजावर विनाकारण प्रक्रिया होते आणि मूळ चूक तशीच राहते.

फाइलींची मराठी नावे आणि सोबतच्या याद्या नीट दिसतील का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. देवनागरीत दिलेली फाइलची नावे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींसाठीच्या समान संकेतपद्धतीत, असतात, त्यामुळे ती नव्या संगणकावर नीट दिसतात; मात्र युनिकोड न जाणणारे जुने ध्वनिप्रोग्रॅम अशा नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दाखवतात आणि फाइल उघडत नाहीत. जुन्या प्रोग्रॅममधून निर्यात करताना तात्पुरती रोमन नावे द्यावीत आणि नंतर बदलावीत.

याद्यांची अडचण अधिक गंभीर आहे. कोणत्या फाइलमध्ये कोणाचे कीर्तन, कोणत्या गावी, कोणत्या तिथीला, हे अनेकांनी श्रीलिपी किंवा आयएसएम या युनिकोड न वापरणाऱ्या जुन्या मराठी टंकन-सॉफ्टवेअरच्या फाँटमध्ये टंकून ठेवले आहे. तो फाँट नव्या संगणकावर नसला की सारी यादी रोमन अक्षरे आणि चिन्हांच्या खिचडीसारखी दिसते, आणि ती बिघडलेली समजून लोक काढून टाकतात. ती बिघडलेली नसते. जुन्या संगणकावरून ते फाँट सोबत घ्यावेत, यादीची एक पीडीएफ किंवा छापील प्रत काढावी आणि फाँट बदलून देणाऱ्या परिवर्तक प्रोग्रॅमने तिचे युनिकोड करून जोडाक्षरे व रफार डोळ्यांनी तपासावेत. कोण गात आहे हे ज्याला ठाऊक होते तो माणूस आता नसेल, तर ही यादी मुद्रणाइतकीच मोलाची आहे.

जुने प्लगइन, साउंड कार्ड आणि डोंगल यांचे काय?

३२ बिटचे प्लगइन (मुख्य प्रोग्रॅमला जोडायचे छोटे इफेक्ट-प्रोग्रॅम) ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये सरळ चालत नाहीत, म्हणून ज्या इफेक्टवर काम अवलंबून आहे तो जुन्या संगणकावरच लावून त्याची वेव्ह काढावी, आणि सेटिंगच्या खिडकीचा फोटो घेऊन ठेवावा. जुन्या पीसीआय साउंड कार्डासाठी आजच्या मदरबोर्डवर खाच नसते आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोज स्वीकारत नाही. ते कार्ड सोडून द्यावे. प्रिंटरच्या पोर्टात बसणाऱ्या डोंगलचेही, म्हणजे परवान्याची खूण असलेल्या छोट्या उपकरणाचेही, बहुधा तसेच. परवाना बदलून मिळतो का हे कंपनीला विचारावे.

कॉपी पूर्ण आणि अचूक झाली हे कसे ओळखावे?

फाइलींची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळवावेत. त्यानंतर तपासखुणा जुळवाव्यात. विंडोज ७ पासून यासाठी सर्टयूटिल ही आज्ञा संगणकातच असते, आणि दोन्ही फाइलींची खूण अक्षर न् अक्षर सारखी आली तरच ती खरी प्रत. तरीही कानाने ऐकणे टाळू नये. प्रत्येक फाइल आरंभी, मध्यावर आणि शेवटी अर्धा-अर्धा मिनिट ऐकावी, कारण जुन्या संगणकावरच बिघडलेली फाइल तपासखुणेत अगदी निर्दोष ठरते.

मग जुना संगणक कधी काढून टाकावा?

मुद्रणांच्या तीन प्रती झाल्यावर. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरात किंवा दुसऱ्या गावी असावी. तोवर जुन्या संगणकावर काहीही पुसू नये, त्यात नवे सॉफ्टवेअर बसवू नये आणि विंडोज पुन्हा टाकू नये. प्रती झाल्यावरही मी कॅबिनेट देण्याआधी हार्ड डिस्क काढून घेतो, तिच्यावर तारीख आणि आतल्या मजकुराची चिठ्ठी चिकटवतो आणि कोरड्या जागी, कापडात गुंडाळून कपाटात ठेवतो. भजनी मंडळाची ती डिस्क माझ्याकडे अजून आहे.